बाळंतपणाचं इंग्रजी

माझं इंग्रजी चांगलं आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढची हकीकत वाचल्यावर तुमचा तसा समज राहणार नाही, म्हणून आधीच सांगितलेलं बरं. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात मी उभी हयात काढली. कुणाचा क्लेम नाकारायचा असला की साहेब म्हणायचे, "पावसकरांकडे द्या. ते असा नाकारतील की समोरचा आभाराचं पत्र पाठवेल." निवृत्त झालो तेव्हा खात्यानं मला शाईचं पेन दिलं. टोपणावर 'उत्तम पावसकर' असं कोरलेलं. तेव्हापासून ते माझ्या खिशाला असतं. दूध आणायला खाली उतरलो तरी असतं. सुगंधा, म्हणजे आमची सौभाग्यवती, विचारते की दूधवाल्याला कुठे तुमची सही लागते. तिला पत्रव्यवहारातलं काही कळत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

तर स्वप्नालीचा फोन आला. ही आमची एकुलती एक मुलगी. न्यूझीलंडला हॅमिल्टन म्हणून गाव आहे, तिथे नवऱ्याबरोबर असते. तिला दिवस गेलेत हे आम्हाला ठाऊक होतंच. पण आता डॉक्टरनं तिला विमानप्रवास बंद केला होता. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. मुलीला माहेरी येता येत नाही म्हटल्यावर माहेरानंच उठून तिच्याकडे जायला हवं. तिच्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्या काही हलणार नाहीत. जावई परागराव कारखान्यात, कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. "आई, तू येशील ना?" एवढंच तिनं विचारलं.

आम्ही दोघंही एकदम "हो" म्हणालो.

"बाबा, मी आईला विचारतेय," ती म्हणाली. मग चूक लक्षात येऊन घाईघाईनं म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण या ना."

मी ते मनाला लावून घेतलं नाही. लावून घेतलं असतं तर इथे लिहिलं नसतं, असं कुणी म्हणेल, त्याला इलाज नाही.

मीरा रोडला आमची पूनम सागर वसाहत, तिच्या मार्केटात अनिशचं दुकान आहे. झेरॉक्स, रेल्वे तिकीट, पॅनकार्ड आणि व्हिसा, हे सगळं तो एकाच टेबलावरून करतो. त्यानं आमचे कागद घेतले, फोटो काढले, सह्या घेतल्या, आमच्या दोघांच्या बोटांना न लागलेली शाई पुसायला टिश्यू दिला आणि म्हणाला, "काका, एक कव्हर लेटर लागेल. कशासाठी जाताय ते. माझ्याकडे टेम्प्लेट आहे, नाव बदललं की झालं काम."

टेम्प्लेट. मला. मी नुसतं खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. अनिशनं ते उचललं, त्याच पेनानं कुठल्याशा फॉर्मवर टिकमार्क केली आणि परत दिलं. त्याला इशारा कळलाच नाही. मी म्हटलं, "पत्र मी लिहीन."

"छोटं ठेवा हां काका," तो म्हणाला.

छोटं पत्र लिहिणारा माणूस आळशी असतो, हे माझं जुनं मत आहे.

पत्राचा मसुदा होत आला तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे लवूदादा आले. लवूदादा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचे साडू एकदा दुबईला गेले होते, त्या बळावर ते सबंध बिल्डिंगला परदेशाबद्दल सल्ला देतात. त्यांनी मसुदा वाचला आणि मान हलवली.

"पावसकर, यात अनुभव कुठाय? बाहेर अनुभवाशिवाय कोण विचारत नाय. आमच्या साडूचं सगळं अनुभवावर झालं."

"अहो, ते नोकरीसाठी गेले होते."

"मग? बाळंतपण म्हणजे काय कमी काम आहे? वहिनींनी तुमच्या बहिणीची दोन बाळंतपणं केली की नाही? त्यांच्या भावजयीचं केलं. ते टाका ना."

मला ते पटलं. खरं तर मला ते आधी सुचलं नाही याचंच वाईट वाटलं. सुगंधानं माझ्या बहिणीची दोन्ही बाळंतपणं इतकी चोख केली की माझी बहीण अजून सणासुदीला आधी तिला फोन करते, मग मला. हे सगळं मी इंग्रजीत उतरवलं. माझ्या अक्षरातलं ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे, कारण पुढे ते मला अनेकांनी अनेकदा वाचून दाखवलं. त्यातला मुख्य भाग असा:

"माय वाइफ विल डू द डिलिव्हरी ऑफ माय डॉटर. शी हॅज सक्सेसफुली डन टू डिलिव्हरीज ऑफ माय सिस्टर अँड वन ऑफ हर ब्रदर्स वाइफ. ऑल मदर्स अँड चिल्ड्रन आर इन गुड हेल्थ. वन ऑफ हर डिलिव्हरीज इज नाऊ इन अ बँक."

शेवटचं वाक्य लवूदादांच्या आग्रहाखातर. पुढे मी सुगंधाला विचारून एकेक गोष्ट घेतली. ती स्वयंपाकघरात डिंक तळत होती, आणि काय काय करणार असं विचारल्यावर तिनं तिथूनच सांगितलं: तेल लावीन, न्हाऊ घालीन, धुरी देईन, शेक देईन. मी लिहीत गेलो. बाळाला आणि आईला बंद खोलीत रोज धूर देण्यात येईल. आईच्या पलंगाखाली विस्तव ठेवण्यात येईल. हे सर्व कुटुंबाच्या प्रेमापोटी, विनामूल्य. शेवटी 'थँकिंग यू इन अँटिसिपेशन'.

अनिशनं ते स्कॅन करताना एकदा माझ्याकडे बघितलं. "काका, सगळं हेच पाठवू?"

"एक अक्षरही न बदलता," मी म्हटलं.

इकडे सामानाची तयारी सुरू झाली. आम्ही जाणार ही बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला लिफ्टची एक फेरी पुरली. समोरच्या हंसाबेन खाखऱ्यांचा डबा, कैरीच्या छुंद्याची बरणी आणि पोळपाट-लाटणं घेऊन आल्या. "उत्तमभाई, मेरी भाणजी सिडनी में है ना. बाजू में ही तो है. आते-जाते दे देना."

मी त्यांना समजावलं की मध्ये समुद्र आहे, विमानानं तीन-चार तास लागतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हां, तो मीरा रोड से चर्चगेट जितना." पोळपाट आमच्याकडे राहिला.

तिकडच्या विमानतळावर खाण्याच्या वस्तूंची फार कडक तपासणी होते असं स्वप्नालीनं बजावलं होतं. म्हणून मी प्रत्येक पुडीवर इंग्रजीत नाव लिहायचं ठरवलं. अळिवाला 'क्रेस सीड्स' सापडलं. बाळंतशेपांना बरंच शोधून 'डिलिव्हरी डिल' असं केलं. डिंकाच्या लाडवांच्या डब्यावर 'गम बॉल्स' लिहिलं. सुगंधानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं.

"आपण च्युइंगम नेतोय का?" तिनं विचारलं.

"शब्दशः तेच होतं."

"शब्दशः नका करू हो काही," ती म्हणाली. ही सूचना मी आधी ऐकली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण बायकोनं दिलेल्या सूचना डोक्यात शिरायला वेळ लागतो, तसा तो मलाही लागला.

एका दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर शेजारच्या गोडदेव गावातल्या एक बाई उभ्या होत्या. नाव आशाबाई. नातीच्या शाळेच्या झेरॉक्स काढायला अनिशकडे गेल्या होत्या, तिथे त्यांना कळलं.

"तुमचे बायकोला परदेशातशी बालंतपनाचं बोलावनं आलंय म्हनं," त्या म्हणाल्या. "आमचे सुनंला सातवा लागलाय. जाण्याचे आधी एकदा बघून जातील का? काय घेतात त्या?"

माझा चेहरा काय झाला असेल तो मला दिसला नाही. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यातल्या माणसाच्या बायकोला सुईण समजावं, आणि तेही पूनम सागरमध्ये. मी जरा ताठ होऊन म्हणालो, "बाई, माझी बायको हा धंदा करत नाही."

"मंग पत्रात कशाला लिवलंय?"

म्हणजे पत्र अनिशच्या टेबलावर सगळ्यांनी वाचलं होतं. मी बोलायच्या आत सुगंधा बाहेर आली, आशाबाईंना बसवलं, चहा दिला आणि पाठीला तेल कसं चोळायचं ते तासभर समजावून सांगितलं. निघताना त्या घरच्या नारळतेलाची बाटली ठेवून गेल्या. सुगंधानं ती सामानात घातली. तिला अपमान वगैरे काही वाटला नव्हता. तिच्या वाटचाही मलाच वाटला.

आणि मग व्हिसा ऑफिसचं उत्तर आलं.

अनिशनं फोन करून नुसतं "काका, या" म्हटलं. त्याच्या आवाजात दुसऱ्याच्या घरी काहीतरी घडल्यावर येतो तो सभ्यपणा होता. उत्तर फारच नम्र होतं. अशा नम्रपणानं मी स्वतः हजारो क्लेम नाकारलेत, त्यामुळे पहिल्या ओळीतच मला ओळख पटली. त्यांचं म्हणणं असं होतं. श्रीमती पावसकर प्रसूती करण्यासाठी येत असतील तर त्यांनी सुईण म्हणून नोंदणी झाल्याचं प्रमाणपत्र जोडावं. पर्यटक व्हिसावर कोणतंही काम करता येत नाही, मग ते विनामूल्य का असेना. बंद खोलीतला धूर आणि पलंगाखालचा विस्तव यांबाबत खुलासा करावा. आणि शेवटी एक ओळ: श्री. पावसकर यांच्या येण्याचा हेतू अर्जात स्पष्ट होत नाही.

बाकी सगळं मी पचवलं. ती शेवटची ओळ मात्र घरी येईपर्यंत चपलेतल्या खड्यासारखी टोचत राहिली.

आता खरी पंचाईत अशी की दिवस निघून चालले होते. व्हिसा लांबला तर बाळ आमच्या आधी येणार, आणि स्वप्नालीला आंघोळीच्या कढत पाण्याचा पहिला तांब्या कोण घालणार, तर यूट्यूब बघून परागराव. मी सुगंधाला म्हटलं, "घाबरू नकोस. मी खुलासा लिहितो."

"नको," ती म्हणाली.

पण मी लिहिला. माणसाचा स्वाभिमान दुखावला की त्याला लिहावंसं वाटतं. या वेळी लवूदादांना घरातसुद्धा घेतलं नाही. सगळा शहाणपणा माझा एकट्याचा. त्यात मी स्पष्ट केलं की माझी पत्नी व्यावसायिक नसून ती फक्त कुटुंबातल्या कुटुंबात डिलिव्हरी करते. तिच्याकडे कुठलंही प्रमाणपत्र नाही, ती हे सर्व तिच्या आईकडून शिकली. हॉस्पिटलचे डॉक्टरही हजर असतील, पण ते सुरुवातीचा थोडा भाग करून निघून जातील आणि खरी डिलिव्हरी नंतर माझी पत्नीच घरी करेल. धुरानं आजपर्यंत कोणीही दगावलेलं नाही.

अनिशनं हे वाचलं. मग खुर्ची मागे सरकवून तो जरा वेळ पंख्याकडे बघत बसला. "काका," तो म्हणाला, "टेम्प्लेट अजून आहे."

"पाठव," मी म्हणालो. त्यानं माझं पत्र पाठवलं. 'पाठव' म्हणजे टेम्प्लेट पाठव की पत्र पाठव, हे मी नीट बोललो नाही. पत्रव्यवहारातल्या माणसाकडून अशी चूक व्हायला नको होती, पण झाली.

त्या रविवारी स्वप्नालीनं व्हिडिओ कॉल केला. अनिशनं दोन्ही पत्रं परागरावांना पाठवली होती, आणि त्यांनी ती तिला वाचून दाखवली होती. आधी ती हसली. इतकी हसली की पोट धरून बसली, आणि मग तशीच बसल्या बसल्या रडायला लागली. "बाबा, आई नाही आली तर मला जमणार नाही हो. मला खरंच भीती वाटतेय. इथे सगळे चांगले आहेत, पण रात्री पाठ दुखते तेव्हा मला कुणालाच सांगता येत नाही. इंग्रजीत पाठ दुखत नाही माझी."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी उठून टेबलापाशी गेलो आणि कोरा कागद काढला. सुगंधा तिच्याशी बोलत राहिली, आणि फोन ठेवल्यावर माझ्यापाशी येऊन तिनं तो कागद उचलला. चिडली असती तर मी दोन शब्द बोललो असतो. ती चिडली नाही. उरलेला डिंक तिनं न तळताच डब्यात भरला आणि डबा फळीवर वर ठेवून दिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मला तिची भीती वाटली ती त्या दिवशी.

बाप म्हणून मला माझी लाज वाटत होती, हे इथे सरळ लिहून टाकतो. माझ्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या मधे समुद्र नव्हता. माझं इंग्रजी होतं.

पुढच्या आठवड्यात सकाळी सकाळी फोन वाजला. लांबचा नंबर. व्हिसा ऑफिसचे साहेब बोलत होते. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि "गुड मॉर्निंग सर, धिस इज उत्तम पावसकर" एवढं म्हणालो. "ओह, मिस्टर पावसकर," साहेब जरा जपून म्हणाले. बहुधा त्यांनी नाव ओळखलं. मग त्यांनी अतिशय आदरानं सांगितलं की त्यांना श्रीमती पावसकरांशी बोलायचं आहे, आणि त्यांनी दुभाषी बोलावला आहे.

सुगंधानं पदराला हात पुसले आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एका बाईचा मराठी आवाज आला. "नमस्कार मावशी, मी स्वाती. साहेब विचारतील ते मी तुम्हाला मराठीत सांगेन. तुम्ही मोकळेपणी बोला. साहेब विचारतायत, तुम्ही मुलीची डिलिव्हरी करणार आहात का?"

"मी कशाला करू?" सुगंधा म्हणाली. "मूल डॉक्टर काढतील. मी बाळंतपण करणार."

स्वातीनं साहेबांना इंग्रजीत समजावायला सुरुवात केली. ती बराच वेळ बोलत होती. 'बाळंतपण' हा शब्द तिनं मराठीतच ठेवला, आणि पुढे त्याच्यासाठी इंग्रजीत वाक्यामागून वाक्यं घातली. मूल झाल्यावर आई येते, लेकीला तेल लावते, न्हाऊ घालते, खाऊ घालते, बाळ रडलं की ती घेते आणि लेकीला झोपू देते. त्याला एक शब्द नाही, ती म्हणाली. मी ते सगळं ऐकत होतो. माझ्या पत्रात 'अँटिसिपेशन' होतं, पण हे नव्हतं.

"साहेब विचारतायत, पलंगाखाली विस्तव ठेवणार?"

"नाही गं बाई. ती लाकडाची घरं, मला माहीत नाही का? गरम पाण्याची पिशवी पुरते. हे ह्यांनी लिहिलं."

"आणि धूर?"

"ओव्याची चिमूटभर धुरी असते. नको म्हणाले तर नाही देणार. लेकीपेक्षा धुरी मोठी आहे का?"

"परत कधी येणार?"

"बाळ मान धरायला लागलं की येणार. इथे माझं घर आहे."

यानंतर साहेबांनी एक प्रश्न विचारला. तो मला इंग्रजीतच कळला. मी मान खाली घातली.

"साहेब विचारतायत," स्वाती जरा अवघडून म्हणाली, "की काकांच्या येण्याचा हेतू काय?"

सुगंधानं माझ्याकडे बघितलं. मी फ्रिजकडे बघत होतो.

"ह्यांना इथे एकटं ठेवलं," ती म्हणाली, "तर हे तुम्हाला रोज पत्र लिहितील."

स्वातीनं ते भाषांतर करून सांगितलं. पलीकडून साहेबांच्या हसण्याचा आवाज आला, आणि तो बराच वेळ येत राहिला. पण सुगंधाचं बोलणं संपलं नव्हतं. ती फोनच्या जरा जवळ सरकली. "आणि पोरगी रडली की ह्यांना बोलता येत नाही. कागद घेऊन बसतात. तिच्याजवळ असले म्हणजे नुसते बसले तरी चालेल. बाप आहे तो."

दोघांचेही व्हिसे आले. अनिशनं त्यांची रंगीत झेरॉक्स काढली आणि पैसे घेतले नाहीत. लवूदादांनी बिल्डिंगमध्ये सांगितलं की अनुभव टाकल्यामुळे काम झालं. मी त्यांना तसं सांगू दिलं. डब्यातला डिंक तळला गेला. लाडवांच्या डब्यावरचं 'गम बॉल्स' सुगंधानं स्वतः खरवडून काढलं, आणि तिकडच्या तपासणीच्या माणसासमोर डबा उघडून नुसतं म्हणाली, "डॉटर. बेबी." त्यानं लाडू हातात घेऊन उलटसुलट बघितले, कुणालातरी विचारून आला आणि डबा परत दिला. हंसाबेनच्या पोळपाटावर मात्र तो बराच वेळ अडला होता.

बाहेर स्वप्नाली उभी होती. एक हात कमरेवर, दुसरा पोटाखाली. बाळ अजून आलं नव्हतं. ती आईच्या गळ्यात पडली आणि "पाठ दुखते गं" म्हणाली, आणि सुगंधाचा हात तिच्या पाठीवर आधीच पोचला होता. मी सामानाच्या गाडीपाशी उभा राहिलो. मला उभं राहायला तरी जागा आहे याचं समाधान होतं. मग स्वप्नालीनं मलाही हाताला धरून ओढलं.

गाडीत बसल्यावर परागरावांनी खिशातून एक कागद काढला. "हॉस्पिटलचा फॉर्म आहे. बाळंतपणाच्या वेळी हिच्याजवळ कोण थांबणार आणि ते काय काय करणार, ते इंग्रजीत लिहून द्यायचंय."

सगळे समोरच्या रस्त्याकडे बघत होते, आणि सगळे माझ्याकडेच बघतायत हे मला कळत होतं.

मी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ते सुगंधाच्या हातात दिलं.